किती टाके पडले?

आमच्या वाशिम जिल्ह्यात ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला बायका येतात, तेव्हा आधी बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवतात, पायाशी टेकतात आणि विचारतात, "किती टाके पडले?" दुखतं का, झोप लागते का, जेवण जातं का, हे सगळं नंतर. मग ती बाई पदर बाजूला करून दाखवते. आकडा मोठा असला की भेटायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावतात आणि सासूला बजावतात की हिला उठू देऊ नका. आकडा लहान असला तर बोलणं हळूच पावसापाण्यावर जातं. माझ्या अम्मीचं अपेंडिक्स निघालं तेव्हा मी शाळेत होते. मोहल्ल्यातल्या साऱ्या खाला "कित्ते टांके लगे?" विचारत आल्या, आणि अम्मी मोठ्या तोऱ्यात ओढणी सारून दाखवायची. त्या दिवसांत आमच्या घरी चूल पेटली नाही. दुसऱ्यांच्या घरून डबे येत राहिले आणि अम्मी उशीला टेकून हुकूम सोडत राहिली. तिला तसं बसलेलं मी ना त्याआधी पाहिलं होतं ना त्यानंतर.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असून मी पुढे जाऊन शिकले काय, तर टाके कुणाला दिसू न देण्याची विद्या.

स्त्रीरोगातलं पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर मी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची फेलोशिप करायला एका मोठ्या शहरात गेले. अब्बांना ते पटलं नव्हतं. डॉक्टर झाली, बायकांची डॉक्टर झाली, आता आणखी काय शिकायचं राहिलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं कारंज्याला हार्डवेअरचं दुकान. त्यांच्या हिशोबात एकदा दुकान टाकलं की माणसाने गल्ल्यावर बसावं. मी त्यांना सांगितलं की पोट न फाडता पिशवी काढता येते, ते शिकायचंय. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे कोणी गर्भाशय म्हणत नाही. अब्बा म्हणाले, "बगैर फाडे? मग लोकांना पटेल का ऑपरेशन झालं म्हणून?" मी हसले होते.

फेलोशिपमधलं बरंचसं शिक्षण एका झाकणबंद पेटीत झालं. पेटीला वरून भोकं, त्यांतून लांब दांड्याची हत्यारं आत घालायची आणि समोरच्या पडद्यावर पाहत आत काम करायचं. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. हे अंगवळणी पडेपर्यंत माणूस स्वतःला मतिमंद समजू लागतो. मी द्राक्षं सोलली, कोंबडीच्या कातडीवर टाके घातले, आणि तिथे आम्हाला शिकवणारे सर ते टाके पाहून कात्री मागायचे. सगळे कापून टाकायचे. "पुन्हा," एवढंच म्हणायचे. रडू आलं की मी हात धुवायला जायचे, त्यामुळे त्या वर्षी माझ्याइतके स्वच्छ हात कुणाचे नसतील.

सरांचा सगळा जीव शेवटच्या टाक्यांत. पिशवी काढली की योनीमार्गाचं वरचं तोंड उघडं पडतं, ते आतून शिवून बंद करावं लागतं. त्याच्या थेट वर आतडी असतात, म्हणजे मधे आडोसा असतो तो त्या शिवणीचाच. हे टाके कुणालाच दिसत नाहीत, जिच्या पोटात असतात तिलाही नाही. सर म्हणायचे, "आपण येऊन गेलो हे पेशंटला कळता कामा नये." तिथल्या पेशंट बायकांनाही तेच हवं असायचं. ऑपरेशनच्या संध्याकाळी त्या वॉर्डात चालायच्या, पुढच्या आठवड्यात घरून लॅपटॉपवर कामाला लागायच्या, आणि तपासणीला येऊन विचारायच्या की बेंबीखालची ही एवढीशी रेघ कधी जाईल. वर्ष संपता संपता सरांनी माझे टाके कापणं बंद केलं. त्यापेक्षा मोठी शाबासकी ते देत नसत.

मी परत आले ती वाशिममधल्या एका खासगी दवाखान्यात. दवाखान्याचे मालक, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, त्यांनी मशीन आणून ठेवलंच होतं. मी रुजू व्हायच्या आत रस्त्यावर फ्लेक्स लागला. माझा फोटो ताणून ताणून गाल भाकरीएवढा केलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: बिनटाक्याचं दुर्बीण ऑपरेशन. आज ऑपरेशन, परवा घरी, आठवड्यात कामावर. मी मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, सर, आठवड्यात कामावर हे खुर्चीत बसणाऱ्यांसाठी आहे, आपल्याकडच्या बायका कुठे खुर्चीत बसतात? ते म्हणाले, "म्याडम, फ्लेक्सवर तेवढं कोण लिहीत बसते." मी दोनदा सांगितलं. नंतर ओपीडी वाढली आणि तो विषय मागे पडला.

जिच्याविषयी हे लिहिते आहे ती बाई त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आली. किन्हीराजाच्या बाजूच्या एका गावातली, चाळिशीच्या आतली, अंगावर मांस म्हणून नाही. सोबत नवरा आणि सासू. घरचं वावर होतं, खाऊन पिऊन सुखी म्हणावं असं घर. दोन वर्षांपासून अंगावरून जात होतं, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आणि पिशवीतल्या गाठी वाढतच गेल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. विनाकारण पिशव्या काढणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पण हिची काढणं भागच होतं. आधी रक्त चढवलं आणि मग तारीख दिली.

तपासणीच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो तेव्हा ती म्हणाली, "म्याडम, मले दुर्बीण नोका लावू. फाडूनच करा."

मला वाटलं मशीनला घाबरली. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं: रक्त कमी जातं, दुखणं कमी, जखम पिकण्याची भीती कमी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते सारं खरं हाय," ती म्हणाली. "पण माह्या जावेचं फाडेल व्हतं. इथून इथलोक." तिने लुगड्यावरून बोट ओढून दाखवलं. "दोन महिने खाटेवर व्हती ते. सासूबाईनं तिले पाणी हातात देल्लं. तिच्या भाकरी मीच थापल्या. माह्या पोटावर काईच नसन तं मले कोण बसू देईन?"

मी तिची थट्टा केली. म्हटलं, आराम पाहिजे तर चिठ्ठी लिहून देते, त्यासाठी पोट कशाला फाडून घेतेस?

"चिठ्ठी कोण वाचते, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

रक्त आधीच कमी असलेल्या बाईचं पोट कारण नसताना उघडायचं, हे कुठल्याही डॉक्टरला पटणार नाही. मलाही नाही पटलं, आणि तेच आजही पुन्हा विचारलं तरी मी दुर्बिणीनेच करेन. मी तिला म्हणाले, मी तुझ्या सासूशी बोलते. ती म्हणाली, "तुमी म्हणान तसं." आमच्याकडची प्रत्येक बाई हेच म्हणते, आणि आम्ही त्याला संमती समजून सही घेतो.

ऑपरेशन सुंदर झालं. सुंदर हा शब्द पोटाच्या आतल्या गोष्टींना लावायची आम्हाला सवय असते. आमच्या पद्धतीप्रमाणे काढलेली पिशवी ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवली. गाठींनी टरारलेली पिशवी पाहून सासूला बरं वाटलं. एवढं मोठं निघालं म्हणजे सुनेचं दुखणं खरं होतं. मग सासू वॉर्डात आली, सुनेची चादर उचलून पोट पाहिलं. चार जागी चिकटवलेल्या चार पट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्या.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले. मला अभिमानच वाटला होता.

मग मी सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून बोलले. आत टाके आहेत, ते भरायला दोन महिने लागतात. पाण्याचा गुंड उचलायचा नाही, उकिडवं बसून काम नाही, वावरात तर नाहीच, आणि नवऱ्याने जवळ जायचं नाही. नवरा जमिनीकडे पाहत राहिला. सासू म्हणाली, "माही बी दुर्बीणच झाली व्हती, शिबिरात. सांजीले घरी आली अन् दुसऱ्या दिवशी सडा टाकला." मी म्हणाले, ते मूल बंद करायचं ऑपरेशन, त्यात फक्त नळ्या बांधतात, इथे आख्खी पिशवी काढली आहे. कागदावर चित्र काढून दाखवलं. तिने चित्र नीट पाहिलं, मान हलवली आणि कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. ही बाई दुष्ट नव्हती. तिने जे पाहिलं होतं त्यावर तिचा विश्वास होता, आणि तिच्या आयुष्यात दुर्बीण म्हणजे शिबिर, जीप आणि दुसऱ्या दिवशीचा सडा.

दुसऱ्या दिवशी गावाहून बायका आल्या. राउंडला गेले तेव्हा त्यांचा ठरलेला प्रश्न विचारून झालेला होता. हिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. बायका शेजारच्या खाटेवरच्या सिझरवालीकडे वळून बसल्या होत्या, आणि ही चादर गळ्यापर्यंत ओढून छताकडे पाहत होती. मला गंमत वाटली. सरांना सांगू म्हटलं. त्यांना ऑपरेशनचा व्हिडिओ पाठवला, त्यावर त्यांचं उत्तर आलं: शेवटचे टाके उत्तम.

ती घरी गेली तेव्हा सोयाबीन पिवळं पडायला आलं होतं. सोंगणीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात कुणाला कुणाकडे बघायला फुरसत नसते. शेंगा तडकायच्या आत पीक कापायचं, पेंढ्या उचलून एका जागी सुडी, म्हणजे उंच गंजी, लावायची, आभाळ आलं की ताडपत्री घेऊन धावायचं. मजूर मिळत नाहीत. अनसिंगपासून मालेगावपर्यंत, जिल्हाभर सगळ्यांचं सोयाबीन एकदमच पिकतं. ओपीडीसुद्धा त्या दिवसांत ओस पडते. बायका आजारी पडायच्या थांबतात असं नाही, त्या सांगायच्या थांबतात.

एका दुपारी दवाखान्यासमोर जीप थांबली. मागच्या बाकावर ती कुशीवर पडलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि दोन्ही मांड्यांमध्ये ओल्या लुगड्याचा बोळा. सासू तो बोळा हाताने दाबून धरून बसली होती. स्ट्रेचरवर घेतलं, पडदा ओढला, मी कापड उचललं. कापडाखाली आतडं होतं. वीतभर बाहेर आलेलं, आणि निरोगी आतड्याचा गुलाबी रंग जाऊन जांभळट काळं पडलेलं.

हे पुस्तकात वाचलेलं होतं. सरांनी एकदा चित्रही दाखवलं होतं. प्रत्यक्षात तो वास आधी येतो.

सिस्टर कोमट सलाईनने भिजवलेली गॉज लावत होती, तेवढ्यात मी काय झालं ते विचारून घेतलं. आदल्या दिवशी सुडीवर पेंढ्या चढवताना आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, पाणी गेलं. ती बांधावर बसली. जागा अशी, की सांगायचं कुणाला आणि दाखवायचं काय. कापड घेतलं, उठली, पुन्हा पेंढ्या दिल्या. सकाळी चूल पेटवायला बसली आणि तिथेच ओरडली.

मी बाहेर येऊन सासूला म्हणाले, मी सांगितलं होतं ना तुम्हाला? माझा आवाज सगळ्या ओपीडीत गेला असेल.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वजन उचलू नोको म्हणलं मी तिले. गुंड बी मीच भरला. पेंढ्याचं कायचं वजन, बाई? वाळेल पेंढ्या." आणि मग हात रस्त्याकडे करून, "तुमच्याच बोर्डावर लिहेल हाय, आठवड्यात कामावर. माह्या पोरानं वाचून सांगतलं. मी तं तीन आठवडे घरात ठेवलं तिले."

मला भयंकर राग आला. माझाच फुगवलेला चेहरा तिकडून रस्त्यावर हसत होता.

सर्जनला बोलावलं. आम्ही पोट उघडलं, बेंबीच्या वरपासून थेट खालपर्यंत. मेलेलं आतडं त्याने कापून काढलं आणि चांगली टोकं जोडली. मग माझी पाळी. मी खाली माझी शिवण पाहिली. धागा होता तसाच होता, गाठीही पक्क्या. फाटलं होतं ते त्याच्या बाजूचं मांस. सरांना त्या गाठीत खोट काढता आली नसती. मी तो धागा चिमट्याने ओढून ट्रेमध्ये टाकला आणि या वेळी हातात सुई धरून, वरून, साध्या पद्धतीने तोंड बंद केलं.

पुढचे काही दिवस वाईट गेले. ताप उतरेना, पोट फुगलं, नळीतून हिरवं पाणी येत राहिलं. जोडलेलं आतडं टिकेल का, एवढाच प्रश्न होता. नाही टिकलं तर ती मरणार होती. सर्जन रोज "बघू" म्हणायचा. घरी अम्मी दुआ करत होती, कुणासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिला फक्त "एक पेशंट आहे" एवढंच सांगितलं होतं. नवरा वऱ्हांड्यात दोन्ही हातांत डोकं धरून बसलेला असायचा.

मग एका सकाळी ताप नव्हता. पोट मऊ पडलं, तिने पाणी मागितलं. तिला वॉर्डात हलवलं तशी गावाहून जीप भरून बायका आल्या.

मी राउंडला गेले तेव्हा खाटेभोवती गर्दी होती. तिने स्वतःच्या हाताने पदर बाजूला केला होता आणि बायका वाकून मोजत होत्या, एकीचं चुकलं म्हणून दुसरी पहिल्यापासून मोजत होती. सासू उशाशी बसून तिला चमच्याने मुगाचं पाणी पाजत होती. जाऊ पाय चेपत होती. कुणीतरी म्हणालं, बाप्पा, सारी फाडली हिले, आणि सासूने मान डोलावून सांगितलं, "हो ना. आता वर्षभर हलू देत नाई मी तिले."

गर्दी ओसरल्यावर मी नाडी पाहायला टेकले. तिचा चेहरा हाडांना चिकटलेला, ओठ फुटलेले. ती हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, आता मले कोणी उठवत नाई."

तिला सुख वाटत होतं. मी शब्द नीट निवडून लिहिते आहे: सुख. मला तिचा इतका राग आला की मी तिचा हात सोडून दिला. मरता मरता वाचली होती ती. आणि तो राग घेऊन मी कुठे जाणार होते? मी बाहेर येऊन मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, बोर्ड आज उतरला नाही तर उद्या मी येणार नाही. बोर्ड संध्याकाळी उतरला.

तेव्हापासून मी एक काम करते, जे कुठल्या फेलोशिपमध्ये शिकवत नाहीत. दुर्बिणीने पिशवी काढली की चार भोकांवर चार पट्ट्या लावून झाल्यावर बेंबीपासून खालपर्यंत एक लांब जाड पट्टी चिकटवते. खाली कातडी शाबूत. पहिल्यांदा सिस्टर म्हणाली, "म्याडम, इथे तर काहीच नाही." मी म्हणाले, आत आहे, आणि तिला पट्टीचं दुसरं टोक धरायला लावलं. सरांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी आधी पट्टी किती लांब ते विचारलं. मग म्हणाले, घाम धरेल, दर दोन दिवसांनी बदल.

थंडीच्या शेवटी ती बाई तपासणीला आली. सासू बाहेर बाकावर बसली, ही आत. अंगावर थोडं मांस आलं होतं, डोळ्यांखालचा काळेपणा गेला होता. मी आतून तपासलं. शिवण भरली होती. पोटावरचा व्रण जाड आणि काळा, बोटाला टणक लागणारा. तिला सांगितलं की आता सगळं ठीक आहे, हळूहळू कामाला लागायला हरकत नाही. आणि पाठोपाठ, शहरात शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य तोंडातून आपोआप निघालं, की काळजी करू नकोस, ही खूण फिकी पडेल, वर्षभरात फारशी दिसणारसुद्धा नाही.

ती परकराची नाडी बांधत होती. हात थांबले.

"फिकी पडते?"

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांचीच पडते."

तिने एकदा दाराकडे पाहिलं, पलीकडे सासू कुणाशी तरी बोलत होती. मग माझ्या जवळ सरकून अगदी हळू विचारलं, "पुढच्या सोयाबीनलोक तं राहीन ना हे खूण, म्याडम?"